गालांवरची लाली आणि 'नैसर्गिक' या शब्दाचा इतिहास

१/
१८६७ साली चार्ल्स डार्विन यांनी एक छापील प्रश्नपत्रिका जगभर धाडली. मिशनरी, वसाहतींतील अधिकारी, उद्यानपाल अशा, परक्या लोकांत रोज वावरणाऱ्या मंडळींच्या हाती ती पडावी, असा हेतू होता. राग, भय, दुःख, लाज या भावना सगळी माणसे सारख्याच रीतीने चेहऱ्यावर दाखवतात काय, हे त्यांना तपासायचे होते. त्यातला एक प्रश्न लाजेसंबंधी होता. लाज वाटली की चेहरा आरक्त होतो का, अर्थात त्वचेचा रंग ते दिसू देत असेल तर, आणि ती लाली अंगावर किती खालपर्यंत उतरते?

२/
हे प्रश्न अहमदनगर जिल्ह्यातही (आजचे अहिल्यानगर) पोहोचले. तेथे राहणाऱ्या एच. अर्सकिन यांनी आसपासच्या लोकांचे चेहरे न्याहाळले. कानडा जिल्ह्याचे न्यायाधीश वेस्ट यांच्याकडून माहिती मागवली. काही सुजाण एतद्देशीय गृहस्थांनाही विचारून पाहिले. तरी खात्रीने सांगावे असे हाती थोडेच लागले. डार्विन यांनी १८७२ च्या आपल्या ग्रंथात त्याचे कारणही नोंदवले आहे : ही माणसे युरोपीयांसमोर आपल्या सगळ्या भावना झाकून ठेवतात, ती त्यांची सवयच आहे.

३/
साहेब समोर उभा असता नगरच्या शेतकऱ्याने चेहऱ्यावर काही उमटू दिले नाही, यात नवल नाही. परंतु प्रश्नातले ते छोटेसे उपवाक्य, त्वचेचा रंग दिसू देत असेल तर, फार मोलाचे आहे. आज सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात 'नॅचरल' असे छापलेली लालीची डबी हाती घेतली, की तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो. नैसर्गिक म्हणजे कोणाच्या गालावर नैसर्गिक?

४/
आधी शरीराचे पाहू. चेहऱ्याच्या त्वचेखाली सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते आणि ते पृष्ठभागाच्या बरेच जवळ असते. लाज, उष्मा, धावपळ, मद्य, कारण कोणतेही असो, या वाहिन्या रुंदावतात आणि गालांत रक्त अधिक येते. रक्त सर्वांचे सारखेच लाल. पण ते पाहावे लागते वरच्या त्वचेच्या पडद्यातून. त्या पडद्यात मेलॅनिन जितके अधिक, तितका प्रकाश आत जाताना आणि परत येताना शोषला जातो. म्हणून तेच रक्त गोऱ्या गालावर गुलाबी दिसते, गव्हाळ गालावर विटकरी, सावळ्या गालावर डाळिंबाच्या सालीसारखे, आणि अगदी काळ्या त्वचेवर तर रंग बदलल्यासारखे वाटतच नाही, केवळ तेथला काळेपणा अधिक गहिरा होतो.

५/
मराठी बोलीने हे आपल्या परीने टिपून ठेवले आहे. आरक्त गाल काव्यात आणि कादंबरीत पुष्कळ भेटतात. रोजच्या बोलण्यात मात्र ओशाळलेला माणूस गोरामोरा होतो, अपमानाने चेहरा काळवंडतो, धसक्याने काळाठिक्कर पडतो. लालबुंद व्हायचे ते बहुधा रागाने. आणि जी खरोखर लाजते ती लाजून चूर होते. तेथे रंगाचे नावच नाही.

६/
रंगवलेल्या गालांवरचा एक जुना वाद ग्रीसमधला आहे. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात झेनोफन याने गृहव्यवस्थेवर एक संवाद लिहिला. त्यात इस्कोमाखस नावाचा सधन गृहस्थ आपली हकिकत सांगतो. त्याची तरुण पत्नी एके दिवशी चेहऱ्याला शिशाचा सफेदा फासून, गालांना अल्कॅनेटच्या मुळ्यांचा लाल रंग लावून आणि उंच टाचांचे जोडे घालून समोर आली. (रोगनजोशाला रंग देणारी आपल्याकडची रतनजोत याच कुळातली.) मी अंगाला गेरू फासून आलो तर तुला आवडेल का, असे त्याने तिला विचारले. रंगापेक्षा तुझे स्वतःचे अंगच मला बरे, असे तिने उत्तर दिले.

७/
मग त्याने गालांवर खरी लाली यावी म्हणून उपाय सांगितला. तो असा : दासींच्या कामावर उभे राहून देखरेख करावी, कणीक मळावी, पांघरुणे झटकून घड्या घालाव्यात. व्यायाम होईल, भूक लागेल आणि गाल आपोआप तजेलदार होतील. नैसर्गिक सौंदर्याचा पुरस्कार आणि घरकामाची वाटणी एकाच दमात उरकणारा हा इतिहासातला पहिलाच पती असेल असे नाही. पण त्याची हकिकत लिहून ठेवली गेली.

८/
या प्रसंगात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. पत्नीने आधी सफेदा लावला होता, लाली त्यानंतरची. पांढऱ्या लेपाने चेहरा झाकला की त्याखालचे रक्त दिसेनासे होते, मुखवटा निर्जीव भासू लागतो आणि मग झाकलेली लाली वरून काढून द्यावी लागते. युरोपातील लालीचा पुढचा दोन हजार वर्षांचा इतिहास बव्हंशी याच जोडीचा आहे : खाली शिसे, वर लाल. आजही फाउंडेशनचा दाट थर दिल्यावर ब्लशची गरज भासते ती याच कारणाने.

९/
भारतात ही जोडी काहीशी निराळी होती. चेहरा उजळवण्याची हौस येथेही होतीच. 'मेघदूता'तील अलका नगरीच्या स्त्रियांचे चेहरे लोध्रफुलांच्या परागांनी फिकट झालेले आहेत. परंतु लाखेपासून केलेला अळता लागे तो प्रामुख्याने तळपायांना आणि ओठांना. ओठांच्या बाबतीत पुरुषही मागे नव्हते; वात्स्यायनाचा नागरक सकाळी आवरताना ओठांना मेण आणि अळता लावतो. गालांवर मात्र केशर, चंदन, कस्तुरी यांनी वेलपत्ती रेखाटली जाई. तिला पत्रलेखा म्हणत. पत्रलेखा पाहून कोणाला ती लाज वाटत नसे. ती नक्षी होती आणि नक्षी म्हणूनच मिरवत असे. सावळ्या गालावर गुलाबी वर्तुळ काढण्यापेक्षा हा मार्ग रंगशास्त्राच्या दृष्टीनेही शहाणपणाचा म्हणावा लागेल.

१०/
आता करडईकडे वळू. सोलापूर-मराठवाड्याच्या काळ्या रानात हिवाळ्यात उभी राहणारी ही काटेरी वनस्पती मराठी माणसाला तेलासाठी आणि कोवळ्या पानांच्या भाजीसाठी ठाऊक आहे. संस्कृतात ती कुसुम्भ. 'कुसुंबी' हा रंगवाचक शब्द तिच्याच पाकळ्यांतून आला. या पाकळ्यांनी जपानी स्त्रियांचे ओठ आणि गाल कित्येक शतके रंगवले, ही गोष्ट मात्र आपल्याकडे क्वचितच सांगितली जाते.

११/
करडईच्या पाकळीत दोन रंग असतात. पिवळा भरपूर असतो आणि पाण्यात लगेच उतरतो. लाल मात्र वजनाच्या एक टक्क्याहूनही कमी, आणि तो साध्या पाण्याला दाद देत नाही. त्यामुळे पाकळ्या वारंवार धुऊन आधी पिवळा काढून टाकायचा, मग राखेच्या क्षारयुक्त पाण्यात लाल उतरवायचा, आणि शेवटी त्यात आंबट अर्क घालून तो रंग वेगळा पाडायचा. जपानमध्ये या कामासाठी धुरावलेल्या उमे फळांचा अर्क वापरत. उत्तरेकडील यामागाता प्रांतात मोगामी नदीकाठी ही फुले पहाटे खुडत, कारण दवाने काटे मऊ पडलेले असतात. पुढे नदीतून आणि समुद्रमार्गे माल क्योतोला जाई.

१२/
तयार झालेल्या रंगाला बेनी म्हणत. चिनी मातीच्या वाटीच्या आतल्या बाजूला त्याचा लेप देऊन तो विकला जाई. गंमत अशी, की उत्तम बेनी सुकली म्हणजे लाल दिसत नाही. भुंग्याच्या पाठीसारखी हिरवी, धातूची झाक तिच्यावर येते. ओल्या कुंचल्याचा स्पर्श होताच ती पुन्हा लाल होते. एदो काळाच्या उत्तरार्धात खालच्या ओठावर बेनीचे थरावर थर देऊन तो हिरवा चमकवण्याची टूम निघाली. इतकी बेनी परवडणार कोणाला? सामान्य स्त्रियांनी युक्ती काढली. ओठाला आधी काळी शाई लावायची आणि वरून थोडीशी बेनी. झाक तीच दिसे. हिरवा ओठ कोणाच्याही चेहऱ्यावर निसर्गाने दिलेला नाही. तो केवळ ऐपतीचा रंग होता.

१३/
युरोपाला आपला लाल सोळाव्या शतकात मेक्सिकोहून मिळाला. ओआहाका प्रदेशातील शेतकरी निवडुंगाच्या पानांवर कोचिनील नावाचा इवलासा कीटक पोसत. मादी कीटक गोळा करून वाळवायचे, कुटायचे आणि तुरटीच्या साहाय्याने रंग बसवायचा. हा झाला कार्माइन. एक पौंड कोरड्या मालासाठी सुमारे सत्तर हजार कीटक लागतात असे सांगतात. स्पेनच्या मेक्सिकोतील निर्यातीत चांदीच्या खालोखाल याच मालाची किंमत होती. हा पदार्थ कीटक आहे की बी, हे इतर युरोपीयांना दीर्घकाळ नक्की कळले नव्हते आणि स्पॅनिश व्यापाऱ्यांना ते कळू देण्याची घाई नव्हती.

१४/
कार्माइन महाग होता. ज्यांना तो परवडत नसे त्यांच्यासाठी हिंगूळ होता, म्हणजे पाऱ्याचे संयुग. खाली शिसे आणि वर पारा, असा तो साज.

१५/
अठराव्या शतकातील फ्रेंच दरबारात लालीने लाजेशी असलेले नाते उघडपणे तोडले. व्हर्सायच्या स्त्रिया गालांवर भडक लाल ठिपके काढीत. ते खरे वाटावे अशी कोणाची अपेक्षा नव्हती. लाली हा दर्जाचा बिल्ला होता. लेओपोल्ड मोझार्ट आपल्या दोन विलक्षण मुलांना घेऊन पॅरिसला आले होते. त्यांनी १८व्या शतकाच्या सातव्या दशकात, १७६४ च्या प्रारंभी, घरमालकिणीला पत्र धाडले. येथल्या बायका सुंदर आहेत की नाहीत हे सांगता येत नाही, असे ते म्हणतात. लाकडी बाहुल्यांसारख्या त्या इतक्या रंगवलेल्या असतात, की मुळात देखणी असलेली स्त्रीही पाहवत नाही. साल्झबुर्गच्या या संगीतकाराला दरबाराची भाषा वाचता आली नाही, असेच म्हणावे लागेल. गालावर रंग आहे हे दिसावे, यासाठीच तो लावलेला होता.

१६/
इंग्लंडमध्ये याच सुमारास उलटे वारे वाहत होते. मरिया गनिंग ही आयर्लंडमधून आलेली, रूपासाठी गाजलेली तरुणी. कोव्हेंट्रीच्या अर्लशी तिचा विवाह १७५२ साली झाला. पती-पत्नी पॅरिसला गेले असता तिने तेथल्या रिवाजाप्रमाणे गाल रंगवले. जेवणाच्या मेजावर सर्वांदेखत पतीने तिच्याभोवती धावून, तिला पकडून, रुमालाने तिचा चेहरा खसाखसा पुसला, अशी हकिकत होरेस वॉलपोल यांच्या पत्रात आहे. रंगाचा नाद तिने सोडला नाही. १७६० मध्ये, तरुण वयातच, ती वारली. शिशाच्या लेपाने तिचा बळी घेतला असे तिच्या काळी मानले गेले आणि आजही मानले जाते.

१७/
त्या पतीच्या मनात काय होते? पत्नीच्या आरोग्याची चिंता काही अंशी असेलही. पण रंगवलेल्या गालावरची खरी लाली वाचता येत नाही, हे दुखणे त्या युगाचे होते. लाजेची लाली ही अंतःकरणाची साक्ष मानली जाई. गाल रंगवणे म्हणजे साक्षीत खाडाखोड. व्हिक्टोरियन काळात तर सभ्य घरात रंगाची डबी दिसणे हीच बदनामी ठरली. मग मुली बैठकीत शिरण्याआधी गालांना चिमटे काढीत आणि ओठ चावीत. रक्त आपलेच असल्याने त्यात खोटेपणा धरला जात नसे.

१८/
आणि इथेच ही गोष्ट प्रसाधनाच्या पेटीतून बाहेर पडून राजकारणात शिरते. लाली हा जर सदसद्विवेकाचा पुरावा, तर ज्यांच्या गालांवर ती दिसत नाही त्यांचे काय? थॉमस जेफरसन यांनी १७८०च्या दशकात व्हर्जिनियाविषयी लिहिलेल्या ग्रंथात गोऱ्या चेहऱ्यावरील लाल-पांढऱ्या छटांच्या मिश्रणाचे गुणगान केले. त्या छटांतून प्रत्येक भावना प्रकट होते, आणि काळ्या वर्णाचा पडदा मात्र कधी हलत नाही, सर्व भावना झाकून टाकतो, असे त्यांनी मांडले. माणसे सर्व समान जन्मतात असे जाहीरनाम्यात लिहिणाऱ्या हातानेच हे लिहिले. त्यांच्या मॉन्टिसेलोच्या मळ्यावर तेव्हा गुलाम राबत होते.

१९/
१८३९ मध्ये थॉमस बर्जेस या इंग्रज वैद्याने आरक्त होण्याच्या शरीरक्रियेवर एक पुस्तकच लिहिले. नैतिक अपराधाची जाणीव गालांवर उमटावी म्हणून ईश्वराने ही योजना केली, असे त्याचे मत होते. पण निरीक्षणाला तो प्रामाणिक होता. एका कृष्णवर्णी स्त्रीच्या चेहऱ्यावर जखमेचा व्रण होता आणि त्या जागी त्वचेचा काळा रंग नव्हता. तिला कोणी एकदम दरडावले, क्षुल्लक आळ घेतला, की तो व्रण हटकून लाल होई. बर्जेसने हे एकदा नव्हे, अनेकदा पाहिले.

२०/
त्या स्त्रीचे नाव कोठे नोंदलेले नाही. तिच्यावर वारंवार कोण ओरडत होते आणि कशासाठी, याचीही चौकशी कोणी केलेली दिसत नाही. शास्त्राला हवा होता तो तिचा व्रण. तरीही जेफरसन यांच्या पडद्याला भोक पडले ते याच व्रणाएवढे. रक्त सर्वत्र तसेच धावते, हे त्यातून दिसले.

२१/
डार्विन यांनी हा दाखला आपल्या ग्रंथात घेतला आणि बर्जेसचा निष्कर्ष उलटवला. लाली जर इतरांना दिसावी म्हणून ईश्वराने योजलेली, तर ज्या वर्णांवर ती जवळजवळ दिसतच नाही तेही आरक्त का होतात? आपल्याकडे कोणी पाहत आहे या जाणिवेने चेहऱ्याकडे लक्ष वेधले जाते आणि म्हणून तेथे रक्त धावते, असा त्यांचा तर्क होता. कृष्णवर्णीयांच्या गालांवरील बदल विश्वासू निरीक्षकांनी त्यांना कळवला होता : काहींना तो तपकिरी वाटला, बहुतेकांना काळेपणाच अधिक गडद झाल्यासारखा. गडद त्वचेवरची लाली कशी दिसते, याचे हे साधे, अचूक वर्णन १८७२ मध्ये छापून आलेले होते. प्रसाधनांच्या व्यवसायाने त्याची दखल घ्यायला जवळपास शंभर वर्षे लावली.

२२/
मधल्या काळात रसायनशास्त्राने नवे लाल रंग दिले आणि लाली पुन्हा सभ्य झाली. १८६३ मध्ये पॅरिसच्या नटनट्यांसाठी रंग बनवणारा जो व्यवसाय सुरू झाला, तो पुढे 'बुर्झ्वा' या नावाने घरोघरी पोहोचला. छोट्या गोल डबीतली त्याची भाजलेली कोरडी लाली आजही मिळते. १९२०च्या दशकात अमेरिकेत 'टँजी' अवतरली. कांडीत नारिंगी दिसणारा हा रंग ओठांवर व गालांवर चढला की गुलाबी होई. प्रत्येकीच्या त्वचेप्रमाणे तो स्वतःला जुळवून घेतो, अशी त्याची जाहिरात असे. प्रत्यक्षात ती ईओसिन वर्गातील रंगद्रव्याची करामत होती. त्वचेचा ओलावा व आम्लता यांच्या संपर्कात ते रंग बदलते. परंतु प्रत्येकीसाठी वेगळा रंग निवडण्याइतके ते मनकवडे नाही. थोड्याफार फरकाने सगळ्यांनाच गुलाबी मिळे. असे 'जादूचे' ब्लश आजही बाजारात येतात आणि त्यांच्या पोटी हेच जुने रसायन असते.

२३/
हॉलिवूडचे रंगभूषाकार मॅक्स फॅक्टर यांनी निवडीला तक्त्याची शिस्त दिली. केस, डोळे आणि वर्ण सांगा, त्यानुसार पावडर, लाली व लिपस्टिक घ्या. विचार चांगला होता. एकच रंग सर्वांना शोभत नाही हे निदान मान्य झाले. मात्र त्यांच्या जाहिरातींतील वर्णांची यादी अगदी उजळपासून सुरू होई आणि 'ऑलिव्ह'पाशी, म्हणजे आपल्याकडच्या निमगोऱ्यापाशी, संपे. अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांसाठी वेगळा व्यवसाय चाले. अँथनी ओव्हरटन यांच्या कंपनीची 'हाय-ब्राउन' पावडर त्यांच्यात प्रसिद्ध होती. मोठ्या दुकानांच्या काचेच्या कपाटांत मात्र तिला जागा नव्हती.

२४/
१९५८ पासून 'एबनी' मासिकाच्या वतीने यूनिस जॉन्सन फॅशनचे फिरते प्रयोग भरवीत. रंगमंचामागे त्यांना एकच दृश्य पुन्हापुन्हा दिसे : कृष्णवर्णीय मॉडेल मुली दोन-तीन कंपन्यांचे रंग एकमेकांत कालवून आपल्या त्वचेजोगी छटा तयार करताहेत. जॉन्सन यांनी प्रस्थापित कंपन्यांकडे विचारणा केली. प्रतिसाद मिळाला नाही. १९७३ मध्ये त्यांनी स्वतःच 'फॅशन फेअर' हा प्रसाधनसंच बाजारात आणला. गर्द मनुका, वीट, जांभूळ असे लालीचे रंग मोठ्या दुकानांच्या पुढच्या कपाटात मानाने मांडले गेले.

२५/
भारतातली वाट वेगळी. स्वातंत्र्यानंतर परकीय चलन वाचवण्यासाठी देशी प्रसाधने हवीत, या विचारातून १९५२ मध्ये टाटा समूहाच्या तेल कंपनीने मुंबईत 'लॅक्मे' सुरू केली. सहकार्य फ्रेंच आणि नावही फ्रेंच : देलीबच्या १८८३ च्या संगीतिकेतील नायिकेचे, 'लक्ष्मी'चे फ्रेंच रूप. १९६१ पासून सिमोन टाटा यांनी व्यवस्थापन सांभाळले आणि नटीची वस्तू समजली जाणारी लाली मध्यमवर्गीय घरातल्या आरशापुढे आली. तरीही बाजारातील एकूण ओढ उजळ दिसण्याकडेच राहिली, आणि मागणी असेल तिकडेच रंग वळतो.

२६/
गडद त्वचेवर फिकी लाली राखेसारखी का दिसते, याचे उत्तर डबीतच आहे. दाबून बसवलेल्या पावडरीचा मुख्य ऐवज टाल्क आणि अभ्रक. त्यात थोडा लाल रंग घालून तो 'बेबी पिंक' करायचा तर टायटॅनियम डायऑक्साइड मिसळावे लागते, आणि तो अपारदर्शक शुभ्र पदार्थ आहे. गोऱ्या गालावर ही पांढरी भुकटी लपते. सावळ्या गालावर ती वर तरंगते आणि लालीच्या जागी करडी छटा उरते. म्हणजे दोष त्वचेचाही नाही आणि लावणाऱ्या हाताचाही नाही. डबीत मिसळलेला पांढरा रंग नेमका तो अडसर आहे. पुन्हा एकदा इस्कोमाखसच्या पत्नीचा सफेदाच, फक्त या वेळी लालीच्या आत दडलेला.

२७/
म्हणून सावळ्या वा गव्हाळ वर्णाच्या स्त्रीने लाली निवडताना डबीवरील 'नॅचरल' हे अक्षर सोडून आपला गाल पाहावा. दोन जिने भरभर चढून यावे आणि खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात, आरसा धरावा. गालाच्या उंचवट्यावर जी छटा तेव्हा आलेली असते, ती तिची. गव्हाळ वर्णावर ती बहुधा जर्दाळू, विटकरी वा गाजरी अंगाची निघते. सावळ्यावर डाळिंबी, तांबूस तपकिरी. अधिक गडद वर्णावर जांभळट लाल. चढलेली छटा नीट दिसतच नसेल तर ओठांच्या आतल्या कडेचा रंग पाहावा. तोही त्याच रक्ताचा असतो.

२८/
डबीत भयंकर दिसणारा गर्द रंग गालावर विरतो, हे प्रथम वापरताना पटत नाही. भडक मरून वा वांगी रंगाची लाली बोटाच्या टोकावर कणभर घेऊन पसरवली, की सावळ्या त्वचेवर ती उन्हातून आल्यासारखी दिसते. उलट, डबीत 'सौम्य' वाटणारा फिका गुलाबी तिथे खडूसारखा उठून येतो. त्यातही पावडरीपेक्षा क्रीम किंवा जेल स्वरूपातील लाली बरी, कारण तिच्यातून खालची त्वचा दिसत राहते. दुकानात ती मनगटावर लावून पाहण्याची रीत आहे; पण मनगटाचा आणि गालाचा रंग पुष्कळदा जुळत नाही. जबड्याच्या कडेला लावून पाहावी आणि दुकानाच्या पिवळ्या दिव्यांखालून बाहेर रस्त्यावर येऊन मगच ठरवावे.

२९/
'नैसर्गिक' या शब्दाचा दुसरा अर्थ म्हणजे निसर्गातून मिळालेली, आणि तिथेही फसगत होते. कार्माइन पूर्णपणे नैसर्गिक आहे; तो मेलेल्या कीटकांचा रंग आहे हे मात्र डबीवर ठळक लिहिलेले नसते. घटकांच्या यादीत तो सी. आय. ७५४७० या क्रमांकाने येतो. काहींना त्याची तीव्र ॲलर्जी होत असल्याने अमेरिकेत २०११ पासून त्याचे नाव स्पष्ट छापणे बंधनकारक आहे. शाकाहार पाळणाऱ्या स्त्रियांनी हा क्रमांक लक्षात ठेवलेला बरा. याउलट सी. आय. ७७४९१ म्हणजे लोहाचा तांबडा ऑक्साइड, अर्थात गेरूचाच कारखान्यात शुद्ध करून घडवलेला भाऊबंद. तो कृत्रिम म्हणून नाके मुरडली जातात. पण तपकिरी त्वचेला साजणाऱ्या विटकरी छटा बहुतेक त्याच्याच असतात, आणि शिसे वा पारा यांच्याशी त्याचे काही नाते नाही.

३०/
करडईचा लाल अजूनही निघतो. यामागातात थोडे शेतकरी ती फुले पिकवतात आणि तोक्योत बेनी बनवणारे जुने घराणे आजही वाटीच्या आत तिचा लेप देते. सोलापूरकडे मात्र हेच फूल शेतातच सुकते, त्याचा लाल कोणी काढत नाही, आणि बी तेवढे घाण्यावर जाते.